खाऊचं माप

भूर्जाच्या कुळातल्या झाडांच्या लाकडापासून एक गोड पदार्थ काढता येतो. त्याचं नाव झायलिटॉल. दाणे काढून टाकलेल्या मक्याच्या कणसापासूनही तो बनतो आणि काही फळांत-भाज्यांत थोडासा मुळातच असतो. माणसाचे दात त्याने किडत नाहीत, रक्तातली साखरही फारशी वाढत नाही. म्हणून साखरमुक्त च्युइंगम, टूथपेस्ट आणि काही पीनट बटरमध्ये तो घालतात आणि त्याची जाहिरात ‘निसर्गाने दिलेला गोडवा’ अशी करतात. कुत्र्याच्या शरीरात याच पदार्थाने वेगळंच घडतं. स्वादुपिंड इन्शुलिनचा लोंढा सोडतं, रक्तातली साखर झपाट्याने उतरते, कुत्रा लटपटतो आणि त्याला झटके येऊ शकतात. वजनाच्या दर किलोमागे ०.१ ग्रॅम एवढी मात्रा त्याला पुरते. तीन किलोच्या पॉमेरियनचा हिशेब ०.३ ग्रॅमवर येतो, आणि तेवढं झायलिटॉल च्युइंगमच्या एका गोळीतही असू शकतं. मात्रा पाचपट झाली तर यकृत निकामी होण्याचा धोका असतो. द्राक्षांचंही असंच. नाशिकची द्राक्षं किंवा तासगावचे बेदाणे यांच्या नैसर्गिकपणाबद्दल कुणी शंका घेणार नाही, तरी द्राक्षं आणि बेदाणे खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत पशुवैद्यकाला नीट कळलं आहे. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असा तर्क २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी मांडला. हे आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या महाराष्ट्राने ही नोंद ठेवायला हरकत नाही.

कुत्र्यासाठी चांगला खाऊ निवडताना तो नैसर्गिक आहे का, हा प्रश्न हल्ली सर्वांत आधी विचारला जातो. माझ्या मते तो सर्वांत कमी उपयोगाचा प्रश्न आहे. पदार्थ कुठून आला, एवढंच त्यातून कळतं. तो कुत्र्याच्या पोटात गेल्यावर काय करील, हे कळायला दुसरेच प्रश्न लागतात: किती, किती कडक, किती स्वच्छ, आणि कोणत्या कुत्र्याला. यातल्या ‘किती’कडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून या प्रकरणात त्यालाच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शिक्क्याला निदान अमेरिकेत तरी एक व्याख्या आहे. तिथल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे आफ्कोच्या व्याख्येनुसार वनस्पती, प्राणी किंवा खनिजं यांपासून मिळालेला घटक नैसर्गिक ठरतो. त्याला उष्णता दिलेली चालते, त्याचा अर्क काढलेला चालतो, तो आंबवलेला चालतो. रासायनिक संश्लेषणातून बनवलेला मात्र चालत नाही. व्याख्या म्हणून हे ठीक आहे. पण तिच्यात सुरक्षिततेचा शब्दही नाही, प्रमाणाचाही नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्या, ज्यांना बाजारात जर्की म्हणतात. २००७ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, या पट्ट्या खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्यातला बराचसा माल चीनमधून आलेला होता. २०१५ संपेपर्यंत तक्रारींचा आकडा ५,२०० च्या आसपास गेला. त्यांत सहा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या आजाराची आणि अकराशेहून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूची नोंद होती. अनेकांना मूत्रपिंडाचा एक विकार झाला होता, जो एरवी कुत्र्यांत क्वचितच दिसतो. वर्षानुवर्षं तपासण्या करूनही नेमकं कारण हाती लागलं नाही. तक्रार म्हणजे सिद्ध झालेला कार्यकारणभाव नव्हे, हे खरं. तरी यातल्या कित्येक पाकिटांवर घटकांच्या यादीत मांसाखेरीज फारसं काही नव्हतं, आणि ‘एकच घटक, भेसळ नाही’ हीच त्यांची जाहिरात होती.

आता ‘किती’कडे वळू. कुत्र्याच्या आहारावरच्या संशोधनात दीर्घकाळ चाललेले प्रयोग दुर्मीळ आहेत. त्यांतला एक २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या, एकाच वेतातल्या भावंडांच्या, जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं अन्न मिळे, त्याहून २५ टक्के कमी दुसऱ्याला दिलं. अन्न दोघांचं तेच, आणि हा प्रयोग आयुष्यभर चालला. भरपूर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं भरलं, कमी खाणाऱ्यांचं १३ वर्षं. सांधेदुखी आणि इतर जुनाट दुखणीही दुसऱ्या गटात उशिरा सुरू झाली. हा प्रयोग पशुखाद्य बनवणाऱ्या कंपनीचा होता, हे सांगितलंच पाहिजे. पण खाद्य विकणारी कंपनीच ‘कमी खाऊ घाला’ असा निष्कर्ष छापते, तेव्हा त्यावर स्वार्थाचा आरोप करणं जड जातं. जवळपास दोन वर्षांचं आयुष्य! कोणत्याही पौष्टिक खाऊच्या पाकिटाला असा दावा पुराव्यानिशी करता आलेला नाही.

म्हणूनच पशुवैद्य सांगतात, की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून जास्त वाटा खाऊचा नसावा. यामागे फक्त वजनाचा विचार नाही. उरलेल्या नव्वद टक्क्यांत कॅल्शियम, फॉस्फरस, जीवनसत्त्वं यांचा जो तोल सांभाळलेला असतो, तो बिघडू नये हाही हेतू आहे. दहा टक्के म्हणजे किती, हे मात्र फारसं कुणी मोजत नाही. दहा किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. खाऊच्या वाट्याला येतात साठेक. एक लहान ग्लुकोज बिस्किट चार-पाच ग्रॅमचं असतं आणि अशा बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४५० किलोकॅलरी असतात, तेव्हा तीन बिस्किटांत दिवसाचा कोटा संपतो. त्यात साखरही भरपूर. पण बिस्किटाला दोष देऊन त्याच्या जागी ‘नैसर्गिक’ खोबरं किंवा शेंगदाणे दिले, तर हिशेब सुधारत नाही. साठ किलोकॅलरी म्हणजे ओल्या खोबऱ्याचा १७ ग्रॅमचा तुकडा, किंवा जेमतेम दहा-अकरा ग्रॅम शेंगदाणे, किंवा पनीरचे दोन लहान चौकोन. याउलट गाजर द्यायचं ठरवलं तर तेवढ्याच उष्मांकांत दीडशे ग्रॅम गाजर येतं. काकडी तर चारशे ग्रॅम येईल, जी कुठलाच शहाणा कुत्रा एका बैठकीत संपवणार नाही. गाजर, काकडी, वाफवलेला लाल भोपळा, फरसबी, बिया काढलेलं सफरचंद किंवा कलिंगड हे पदार्थ चांगले, कारण त्यांत पाणी आणि तंतू जास्त आणि उष्मांक कमी असतात. ते निसर्गातून आले हा योगायोग. निसर्गातून तूपही आलेलं आहे.

छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत तर हे माप फारच तंग होतं. तीन किलोच्या पॉमेरियनचा खाऊचा वाटा पंचवीस किलोकॅलरी. परदेशात बुली स्टिक नावाचा एक खाऊ लोकप्रिय आहे, आता तो भारतातल्या ऑनलाइन दुकानांतही दिसतो. बैलाचं वाळवलेलं लिंग म्हणजे बुली स्टिक, आणि ते विकत घेणाऱ्या अनेकांना याचा पत्ता नसतो. टफ्ट्स आणि ग्वेल्फ या विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा २६ काड्या तपासल्या. इंचामागे ९ ते २२ किलोकॅलरी भरल्या. म्हणजे सहा इंची काडीत सरासरी ८८. आपल्या पॉमेरियनच्या दिवसभराच्या गरजेचा तो तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग झाला. आणि वेष्टनांवर हा आकडा छापलेलाच नव्हता.

यावर एक हरकत ठरलेली असते: कुत्रा हा मुळात लांडगा, त्याला मांस आणि हाडं हेच खरं अन्न, उष्मांकांचे हिशेब माणसाने लादलेले. या हरकतीत तथ्य आहे, पण अर्धंच. उप्साला विद्यापीठातल्या एरिक अॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना केली. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेझ या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती होत्या; कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीच्या कडेला राहून कुत्र्याचं पोट बदललं आहे. भाकरी-चपातीवर वाढलेली आपली गावठी कुत्री ही निसर्गाची चूक नव्हे. त्यामुळे शाकाहारी घरात कुत्र्याला खाऊ म्हणून रताळ्याची वाफवलेली फोड मिळाली, तर त्याच्यावर अन्याय झाला असं मानायचं कारण नाही. आणि ज्या लांडग्याचा आदर्श आपल्यापुढे ठेवला जातो, त्याच्या दातांची अवस्था काय असते? जीवाश्मतज्ज्ञ ब्लेअर व्हॅन व्हाल्केनबर्ग यांनी १९८८ मध्ये मोठ्या मांसभक्षकांच्या कवट्या तपासून दाखवलं, की रानातल्या अशा प्राण्यांत सरासरी चारांमागे एकाचा तरी दात तुटलेला असतो. हाडं चघळणं त्यांना स्वस्तात पडत नाही. पर्याय नसतो म्हणून ते चघळतात.

हाडांचा एक फायदा मान्य करायला हवा. ब्राझीलमध्ये बीगल कुत्र्यांना गाईची कच्ची हाडं दिल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या दातांवरचं किटण बरंच कमी झालं. म्हणजे चघळण्याने दात स्वच्छ होतात हे खरं. पण त्यासाठी वस्तू दातापेक्षा मऊ असायला हवी. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातला चौथा उपदाढेचा दात मोठा आणि कात्रीसारखा असतो. कडक वस्तू चावताना नेमका त्याचाच पापुद्रा सुटतो, आतली नस उघडी पडते आणि मग दात काढावा लागतो किंवा रूट कॅनल करावं लागतं. हरणाची शिंगं, खूर, जाड नळीची हाडं यांनी असे दात तुटल्याचं पशुदंतवैद्य वारंवार पाहतात. छुर्पीचाही विचार इथेच करावा. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंग या भागात याक किंवा गाईच्या दुधापासून बनवून महिनोन्‌महिने वाळवलेलं हे चीज गेल्या दोन दशकांत जगभरच्या कुत्र्यांचा खाऊ झालं. त्यात प्रथिनं भरपूर, लॅक्टोज जवळजवळ नाही, रसायनं नाहीत. तिथले लोक स्वतः ते तासन्‌तास गालात धरून मऊ करतात. कुत्र्याला तेवढा धीर कुठला! कडकपणाची कसोटी घरी करता येते. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबावं. नख रुतलं नाही, तर ती कुत्र्याच्या दाताला जड आहे. या कसोटीत छुर्पीचा नवा तुकडा सहसा नापास होतो. तो आधी पाण्यात भिजवावा, नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये फुलवून, गार करून द्यावा. शिजवलेल्या हाडांचा दोष वेगळा: शिजल्यावर ती ठिसूळ होतात आणि त्यांच्या अणकुचीदार फाका होतात. दुकानातून आणलेल्या प्रक्रिया केलेल्या हाडांमुळे सुमारे ९० कुत्री आजारी पडल्याच्या आणि त्यांतली पंधराच्या आसपास दगावल्याच्या तक्रारी एफडीएने २०१७ मध्ये जाहीर केल्या होत्या. जेवणानंतर ताटातली नळी कुत्र्यापुढे टाकण्याची आपली पद्धत याच कारणासाठी सोडलेली बरी. मक्याचं कणीसही याच यादीत घालायला हवं. पावसाळ्यात रस्त्याकडेला टाकलेलं, दाणे खाऊन झालेलं कणीस कुत्रा हावरेपणाने गिळतो, ते पचत नाही, आणि आतड्यात अडकलं तर शस्त्रक्रियेखेरीज इलाज उरत नाही. आंब्याची कोयही तशीच.

दुसरी हरकत आपल्या गल्लीतून येते. रस्त्यावरची कुत्री उकिरड्यावरचं काहीही खातात, त्यांना कुठे काय होतं? इथे आपण फक्त जगलेली कुत्री पाहत असतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतली ३६४ पिल्लं जन्मापासून पाहिली. त्यांतली सातव्या महिन्यापर्यंत जगली फक्त १९ टक्के. हे मृत्यू उकिरड्यावरच्या अन्नाने झाले, असा याचा अर्थ नाही. बहुतेकांना माणूसच कारणीभूत होता. पण एवढ्या गळतीतून उरलेल्या प्राण्याकडे बोट दाखवून ‘बघा, धडधाकट आहे’ म्हणणं हा आहाराचा पुरावा होत नाही. शिवाय भटका कुत्रा तीन-चार वर्षांचाच झाला तरी ते त्याचं आयुष्य असतं. घरातल्या कुत्र्याकडून आपण बारा-तेरा वर्षांची अपेक्षा करतो, आणि सावकाश भिनणारे दोष एवढ्या काळातच वर येतात.

‘आमचा कुत्रा तर वर्षानुवर्षं द्राक्षं खातो’ हे त्याच जातीचं विधान. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल वाणागणिक, पिकण्यागणिक बदलतं, आणि प्रत्येक कुत्र्याची संवेदनशीलताही सारखी नसते. कालपर्यंत काही झालं नाही, यावरून उद्याचा घड सुरक्षित ठरत नाही. कांद्याचा अपाय तर साचत जातो. कांदा आणि लसूण यांतले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्याने रक्तात लक्षणीय बदल दिसतात, आणि शिजवल्याने हा दोष जात नाही. म्हणून उकडलेलं चिकन हा उत्तम खाऊ असला, तरी रश्श्यातून धुऊन काढलेलं चिकन हे उकडलेलं चिकन नव्हे. आपल्या स्वयंपाकात फोडणीआधी बाजूला काढलेला तुकडा तेवढा कुत्र्याचा. सणावारी हे विशेष सांभाळावं लागतं: शिऱ्यातले आणि लाडवातले बेदाणे, चॉकलेटचे डबे, तुपात न्हालेली पुरणपोळी. एकाच वेळी पोटात गेलेला स्निग्धाचा मोठा घास स्वादुपिंडाला सूज आणू शकतो, आणि ते दुखणं कुत्र्याला वेदनेने वाकवणारं असतं. दुधाची वाटी तुलनेने निरुपद्रवी, पण बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना लॅक्टोज पचत नाही आणि त्यांना हगवण लागते. चमचाभर दही त्यापेक्षा बरं. कलेजी कुत्र्यांना अतिशय आवडते आणि ती पौष्टिकही आहे, मात्र तिच्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठतं, तेव्हा ती रोज मूठभर देण्याची वस्तू नाही.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. वाळवलं किंवा गोठवलं की जंतू मरतात, ही समजूत चुकीची आहे. बरेचसे निपचित पडून राहतात. २०१९ मध्ये अमेरिकेत डुकराच्या वाळवलेल्या कानांमधून साल्मोनेला पसरला आणि दीडशेच्या आसपास माणसं आजारी पडली. खाऊ कुत्र्याचा, हगवण घरच्यांची. ज्या घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चाललेलं कुणी आहे, तिथे कच्चं मांस आणि कच्ची वाळवणं टाळावीत, आणि एरवीही खाऊ दिल्यावर हात धुवावेत. आपल्याकडे सुकी मासळी सहज मिळते, तिचा वास कुत्र्यांना वेड लावतो. ती बिनमिठाची आणि वाळू नसलेली निवडावी, मोठे काटे काढावेत आणि देण्यापूर्वी भाजून घ्यावी.

एवढं सगळं मोजत बसलं, तर खाऊ देण्यातला आनंदच जाईल, ही तिसरी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण खाऊ हा मुळात पोषणाचा विषयच नाही. पुरेसा संतुलित आहार मिळणाऱ्या कुत्र्याला खाऊची शारीरिक गरज नसते. गरज आपल्याला असते. आणि प्रशिक्षणासाठी खाऊसारखं साधन नाही. पण इथे कुत्र्याचा स्वभावच आपल्या मदतीला येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुत्र्यांना धावत जाऊन बक्षीस मिळवायचं होतं. साध्या कोरड्या खाद्याच्या एका दाण्याऐवजी पाच दाणे ठेवले, तरी त्यांचा वेग वाढला नाही. त्याच जागी सॉसेजचा एक तुकडा ठेवला, तेव्हा ते जास्त वेगाने धावले. कोलकात्याच्या गटालाही भटक्या कुत्र्यांत असंच काही दिसलं: मांसाचा वास ज्याला जास्त, तिकडे ती आधी वळतात, मग त्यात प्रत्यक्ष पोषण कितीही असो. म्हणजे कुत्र्याला तुकड्याचा आकार भुलवत नाही, वास भुलवतो. उकडलेल्या चिकनचा तुरीच्या दाण्याएवढा तुकडा त्याच्या लेखी पूर्ण बक्षीस आहे. शंभर ग्रॅम चिकनचे असे दोन-अडीचशे तुकडे सहज होतात. एका तुकड्यात एक किलोकॅलरीही धड येत नाही, आणि पंचवीस किलोकॅलरीच्या पॉमेरियनलाही दिवसभरात वीस-पंचवीस वेळा शाबासकी देता येते.

जिथे हे गणित फसतं, ती जागा म्हणजे भरलेलं घर. सकाळी आजोबा चहाबरोबर अर्धं बिस्किट देतात, मुलं डब्यातली पोळी देतात, दुपारी कामाला येणाऱ्या मावशी काहीतरी देतात, रात्री कुणीतरी ताटातलं देतं. प्रत्येकाचा हात आखडता असतो आणि बेरीज कुणाकडेच नसते. यावर पशुवैद्य सुचवतात तो उपाय साधा आहे. दिवसाचा सगळा खाऊ सकाळीच एका लहान डब्यात काढून ठेवायचा: गाजराचे तुकडे, चिकनचे कण, हवं तर दोन वेळच्या जेवणातूनच बाजूला काढलेले मूठभर दाणे. घरात ज्याला द्यायचं असेल त्याने त्या डब्यातूनच द्यायचं, आणि डबा रिकामा झाला की दुसऱ्या दिवसापर्यंत तो भरायचा नाही. मूत्रपिंडाचा, मधुमेहाचा किंवा अन्नाच्या अॅलर्जीचा त्रास असलेल्या कुत्र्याच्या डब्यात काय जावं, ते मात्र त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. अशा कुत्र्यासाठी वरच्या यादीतला निरुपद्रवी पदार्थही निरुपद्रवी असेलच असं नाही.